तीन तुकडे घेऊन लॅमिंग्टन रोडवर

मुंबईत रस्त्याचे सरकारी नाव पाटीवर राहते आणि व्यवहाराचे नाव जिभेवर. ग्रँट रोड स्थानकाबाहेर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग विचारला, तर सांगणारा क्षणभर घुटमळतो; लॅमिंग्टन रोड म्हटले की त्याचा हात आपोआप दिशेकडे वळतो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव रस्त्याला मिळाले, पुढे ते बदलले, पण व्यापाऱ्यांच्या तोंडून ते काही गेले नाही. एके काळी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे मुंबईतील शेवटचे स्थानक असलेले ग्रँट रोड आज धीम्या लोकलचे एक साधे स्थानक आहे. तेथे पूर्वेला उतरून काही मिनिटे चालले, की हा रस्ता लागतो.

रस्त्याचे दक्षिण टोक ऑपेरा हाउसला आणि उत्तर टोक मुंबई सेंट्रलकडे. दक्षिण टोकाचा परिसर आपल्यापैकी अनेक घराण्यांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स उभे राहण्यापूर्वी हिऱ्यांचा सारा व्यवहार तेथील पंचरत्न इमारतीच्या आसपास चाले, आणि लाखांचा माल कागदाच्या पुडीत घालून माणसे खिशातून नेत असत. मधल्या भागात चित्रपटांचा व्यापार होता. नाझ इमारतीत वितरकांच्या कचेऱ्या होत्या. मिनर्व्हा येथे ‘शोले’ पाच वर्षे चालला. संगणक यायच्या आधी रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि ध्वनिवर्धक यांचे सुटे भाग घ्यायला लोक येथेच येत. आजही काही दुकानांत बोटाच्या पेराएवढे रेझिस्टर नगावर मिळतात. हिरा, चित्रपटाची रिळे, संगणकाची चिप: आकाराने लहान आणि मोलाने मोठ्या वस्तूंची या रस्त्याला जणू सवयच आहे.

मी तेथे गेलो तो २०२३ च्या दिवाळीनंतर, लाभपंचमी उलटून बाजार पुरता उघडल्यावर. सोबत माझी पुतणी होती. आमचे बार्शीला साड्यांचे दुकान आहे. किरकोळ विक्री आहेच, पण खरा आधार घाऊक विक्रीचा. परंडा, भूम, करमाळा, वैराग या बाजूच्या लहान दुकानदारांना आम्ही माल पुरवतो. पूर्वी हे दुकानदार स्वतः येत, गादीवर बसून चहा घेत आणि साडी उलगडून पाहत. आता निम्म्याहून अधिक मागण्या भ्रमणध्वनीवर पाठवलेल्या छायाचित्रांवरून येतात. हे काम पुतणीने दोन वर्षांपूर्वी आपणहून अंगावर घेतले. त्यात सोय होती तसा एक छुपा तोटाही होता. छायाचित्रात निळी दिसणारी साडी गठ्ठ्यातून वांगी निघे, आणि माल परत येई. जाण्या-येण्याचे वाहतूकभाडे आमच्या माथी, घडी मोडलेली ती वेगळी, आणि समोरच्या दुकानदाराच्या मनात राहिलेली अढी कोणत्याही वहीत न मांडता येणारी.

दुकानातील जुना संगणक तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्यावरील विंडोज ७ ची सुरक्षा-अद्यतने जानेवारी २०२० मध्येच थांबली होती, आणि हिशेबाच्या सगळ्या वर्षांचा विदा ज्या हार्ड डिस्कवर होता तिच्यातून जात्यासारखी घरघर येऊ लागली होती. नवा संगणक घ्यायचा हे ठरले. थोरल्या बंधूंनी मर्यादा घातली पंचावन्न हजारांची, सर्व धरून. सोलापूरच्या एका दालनातून तयार संगणकाची किंमत आली होती छप्पन्न हजार. त्यात रॅम आठ जीबी, मॉनिटर कसला ते दालनातील माणसालाही नीट सांगता आले नव्हते. पुतणीचे म्हणणे असे, की सुटे भाग निवडून जोडून घेतला तर याच पैशांत आपल्या कामाचे यंत्र मिळेल. बंधूंचे म्हणणे असे, की तयार वस्तूला एक धनी असतो, जोडलेल्या वस्तूला दहा. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. शेवटी ‘काका बरोबर जातील’ या अटीवर परवानगी मिळाली. मला संगणकातले फारसे कळते म्हणून हे घडले नाही. भाव करताना घरातले एक पिकले डोके सोबत असावे, एवढ्याचसाठी मला धाडण्यात आले.

रात्रीच्या लातूर एक्स्प्रेसने निघून आम्ही सकाळी मुंबई गाठली. पुतणीच्या पर्समध्ये एक पेन ड्राइव्ह होता आणि एका पाकिटात कापडाचे तीन तुकडे: मोरपंखी, वांगी आणि राणी. त्या तुकड्यांचे प्रयोजन मी गाडीत विचारले नाही, तिनेही सांगितले नाही.

साडेदहा-अकराच्या आधी हा रस्ता नीट जागा होत नाही. शटर वर जातात, हातगाड्यांवरून खोकी उतरतात, आणि तळमजल्यावरच्या चिंचोळ्या दुकानांतून माणसे उंच फळ्यांवरचे डबे काठीने खाली ओढू लागतात. नवख्याला वाटते, की मोठी काचेची दुकाने म्हणजेच बाजार. खरा भाव मात्र पुष्कळदा जुन्या इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर मिळतो. तिथले लाकडी जिने झिजून मधोमध वाटीसारखे खोल झालेले, भिंतीवर पाट्यांची गर्दी, आणि आत बारा फुटांच्या खोलीत भिंतभर खोकी रचून बसलेला कच्छी किंवा मारवाडी दुकानदार. गुजराती, हिंदी, मराठी अशी तिन्ही भाषांची सरमिसळ. आमच्यासारख्याला तेथे परके वाटत नाही. सुरतेच्या कापडबाजारातील बोलण्याची जी चाल असते, पहिला भाव, मग मान हलवणे, मग ‘शेठ, तुमच्यासाठी’, तीच येथेही आहे; माल तेवढा निराळा.

सुटे भाग निवडण्याच्या शास्त्रात पहिला प्रश्न एकमेकांशी जुळण्याचा. प्रोसेसर कोणत्याही मदरबोर्डवर बसत नाही. दोघांचे सॉकेट एक असावे लागते. पुतणीने एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी निश्चित केला होता. २०२१ साली आलेला, सहा गाभ्यांचा, एएम४ सॉकेटचा. नवी पिढी बाजारात आली होती. पण तिच्यासाठी मदरबोर्ड महाग आणि रॅमही डीडीआर५ जातीचा, अधिक दराचा. एक पायरी मागचा माल घेतला, की तिन्ही ठिकाणी पैसा वाचतो. हंगाम संपल्यावरचा कापडाचा गठ्ठा आणि मागच्या पिढीचा प्रोसेसर यांत मला तरी फरक दिसला नाही. नावाच्या शेवटी असलेल्या ‘जी’ या अक्षराला अर्थ आहे: चित्र पडद्यावर दाखवण्याची सोय प्रोसेसरच्या पोटातच आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. इंटेलच्या प्रोसेसरांवर शेवटी ‘एफ’ असेल तर उलट समजावे. तो थोडा स्वस्त मिळतो, पण कार्ड घेतल्याशिवाय पडदा काळाच राहतो. स्वस्ताच्या मोहाने ‘एफ’ घेऊन मग कार्डासाठी धावाधाव करणारी गिऱ्हाइके आठवड्याला दोन तरी येतात, असे दुकानदार हसून म्हणाला.

ग्राफिक्स कार्डांचा विषय निघालाच. काउंटरवर जुन्या कार्डांची चळत होती, भाव नव्याच्या निम्म्याहून कमी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि त्याचे खाणकाम करणारी कार्डे एका दिवसात बिनकामाची झाली. महिनोन्‌महिने रात्रंदिवस तापलेला तो माल मग जगभरच्या जुन्या बाजारांत उतरला. “बेन, हे घालून घ्या, खेळही चालतील,” असा आग्रह झाला. पुतणीने विचारले, “हमी किती?” उत्तर आले, “चालवून दाखवतो.” तिने पुढे काही विचारले नाही. साड्यांची छायाचित्रे स्वच्छ करायला आणि हिशेबाची नोंद करायला कार्ड लागत नाही, हे तिला पक्के ठाऊक होते.

मदरबोर्ड बी४५० जातीचा ठरला, किंमत सहा हजार तीनशे. येथे एक खाच आहे आणि ती माहीत असणे फायद्याचे. हा बोर्ड प्रोसेसरपेक्षा वयाने मोठा. गोदामात जुना पडून राहिलेला नग असेल, तर त्यातील बायॉस या मूळ प्रणालीला नवा प्रोसेसर ओळखू येत नाही. दोन्ही वस्तू नव्या, दोन्ही निर्दोष, आणि तरी यंत्र सुरू होत नाही. म्हणून बायॉस अद्ययावत करून द्यावे, असे बोलून घ्यायचे असते. तसे आम्ही बोलून घेतले. रॅम सोळा जीबीचा एक नग न घेता आठ-आठचे दोन घेतले, कारण दोन मार्गांनी ये-जा झाली की वेग वाढतो, आणि ज्याच्या पोटातच चित्राची सोय आहे अशा प्रोसेसरला तर त्याची विशेष गरज. तो आपली चित्रस्मृती रॅममधूनच उसनी घेतो. प्रणाली आणि हिशेब यांच्यासाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, छायाचित्रांच्या साठ्यासाठी एक टीबीची साधी हार्ड डिस्क. हिशेबाच्या कामाला गाभ्यांच्या संख्येपेक्षा जलद डिस्कचा उपयोग अधिक, हे पहिल्याच आठवड्यात आमच्या मुनीमजींनाही कळून आले.

एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, याबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण पैसे वाचवण्याच्या नादात लोक याच्यावरच कात्री चालवतात. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस हातात घेऊन पाहावा. तो हलका असतो. आत तांबे कमी, कपॅसिटर लहान, आणि वर छापलेले वॅट कागदावरचेच. आमच्याकडे बार्शीला विजेचा दाब दिवसातून किती वेळा वर-खाली होतो याची गणती नाही. असा डबा गेला तर एकटा जात नाही, कधी मदरबोर्डला घेऊन जातो, कधी डिस्कला. डब्यावर ‘८० प्लस ब्रॉन्झ’ अशी मोहोर असली, म्हणजे तो वीज वाया कमी घालवतो एवढेच सिद्ध होते. संरक्षणाची हमी त्या मोहोरेत नाही. ती पाहायची कंपनीच्या नावलौकिकात आणि वॉरंटीच्या वर्षांत. आम्ही ४५० वॅटचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा घेतला, तीन हजार शंभरला. या यंत्राची एकूण भूक त्याच्या निम्मीही नाही. त्याच्या जोडीला लागणारा यूपीएस बार्शीत घ्यायचे ठरले, कारण बॅटरी बदलायला मुंबईस येणे शहाणपणाचे नव्हे. दुकानातील अर्थिंगही त्याच वेळी तपासून घेतले. ते नीट नसेल तर बाकी सगळी काळजी व्यर्थ.

यानंतर आली खरी कसोटी, मॉनिटरची. येथवर पुतणी सौम्यपणे बोलत होती. आता तिने पाकिटातून ते तीन तुकडे काढून काउंटरवर मांडले आणि पेन ड्राइव्ह पुढे केला. त्यात त्याच तीन साड्यांची, खिडकीच्या उजेडात काढलेली छायाचित्रे होती. “हे तिन्ही मॉनिटरांवर दाखवा,” ती म्हणाली.

दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिले, मग तुकड्यांकडे. साठीच्या पुढचा, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस. त्याने पोऱ्याला हाक मारली आणि चोवीस इंचांचे तीन मॉनिटर शेजारी-शेजारी लावायला सांगितले. पहिला टीएन पटलाचा, सर्वांत स्वस्त. समोरून ठीक, पण मान जरा खाली केली की मोरपंखी राखाडीकडे झुकू लागे. दुसरा व्हीए जातीचा, सात हजार दोनशेचा; काळा रंग फार देखणा, पण बाजूने पाहताना राणी रंग विटका वाटे. तिसरा आयपीएस, नऊ हजार सातशे. त्यावरही वांगी निळाच दिसत होता. माझ्या मनात आले, झाले, आता ही काय करणार? तिने मॉनिटरच्या कडेची बटणे दाबून आतली यादी उघडली. दुकानात उठून दिसावे म्हणून त्यावर भडक रंगांची योजना लावून ठेवलेली होती. ती काढून तिने एसआरजीबी नावाची योजना निवडली. पडदा एकदम निस्तेज झाला, आणि वांगी मात्र वांगी झाला. दुकानातील पांढऱ्या दिव्यांवर तिचा विश्वास नव्हता. तुकडा घेऊन ती दारापर्यंत गेली, दिवसाच्या उजेडात पाहिला, परत आली, पुन्हा पडद्याशी धरला. असे तीनदा.

“कपड्याची लाइन काय शेठ?” दुकानदाराने मला विचारले. मी होकार दिला. तो म्हणाला, “मग बेनला नऊ हजार सातशेवालाच द्या.” त्याच्या स्वरात विक्रीची घाई नव्हती. आपल्या मालाची पारख गिऱ्हाइकाने आपल्यासमोर केली, तर जातिवंत व्यापाऱ्याला राग येत नाही, हे मी कापडाच्या गादीवर चाळीस वर्षे पाहत आलो आहे.

गिऱ्हाइकाच्या हातातील भ्रमणध्वनीवर रंग कसा दिसेल, यावर आपला ताबा नाही, ही शंका मी काढली. “पण काका, निघतानाच रंग चुकीचा असेल तर सगळीकडेच चुकेल,” ती म्हणाली. ते पटले. वाढलेले अडीच हजार तिने कॅबिनेटमधून काढले. काचेचे, आत तीन रंगीत दिव्यांचे पंखे फिरणारे चार हजार नऊशेचे कॅबिनेट तिने आधी पसंत केले होते. ते बाजूला ठेवून दोन हजार चारशेचे साधे, पुढून जाळीचे घेतले. जाळीतून वारा अधिक खेळतो. काचेपेक्षा ते बरेच.

एकूण झाले त्रेचाळीस हजार सहाशे साठ. शेजारच्या जिन्यावरील एका दुकानात याच यादीला चाळीस हजार पाचशे सांगितले होते, बिलाविना. तीन हजार एकशे साठांचा फरक, आणि पंचावन्न हजारांच्या मर्यादेत तो थोडा नव्हे. येथे मला सोबत धाडल्याचा उपयोग झाला, असे म्हणण्यास हरकत नसावी. त्रेचाळीस हजार सहाशे साठांत मूळ किंमत सदतीस हजार आणि अठरा टक्क्यांचा जीएसटी सहा हजार सहाशे साठ. दुकानाचा जीएसटी क्रमांक बिलावर घातला, की हा कर आपल्या भरण्यातून वजा होतो. म्हणजे आम्हाला यंत्र पडले सदतीस हजारांना, बिलाविना मिळणाऱ्यापेक्षा साडेतीन हजारांनी स्वस्त. त्यावर आयकरात संगणकासाठी चाळीस टक्के घसारा. खरेदी उशिराची, वर्षातील वापर १८० दिवसांहून कमी, म्हणून पहिल्या वर्षी त्याच्या निम्मा. घसारा मात्र सदतीस हजारांवरच धरायचा, कारण कराची वजावट आधीच घेतलेली. कंपोझिशन योजनेत असलेल्या दुकानदारांना कराची ही वजावट मिळत नाही. त्यांचे गणित वेगळे. तरीही बिल त्यांनीही घ्यावेच. सुट्या भागांची वॉरंटी जोडणाऱ्याकडे नसते, प्रत्येक भागाच्या कंपनीकडे असते, आणि तेथे प्रथम बिल मागतात. बंधूंचे ‘दहा धनी’ हे म्हणणे खरेच होते. त्या दहा धन्यांना बांधून ठेवणारा दोरा हे बिल. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घेतला आणि खोक्यांवरच्या आकड्यांशी ताडून पाहिला. यात वीस मिनिटे गेली. मागे उभे असलेले गिऱ्हाईक कंटाळले, दुकानदार नाही.

विंडोजचा परवाना आठ हजार दोनशेला घेतला. या रकमेवर लोक हळहळतात आणि ‘टाकून देतो’ म्हणणारे पावलोपावली भेटतात. ज्या यंत्रावर आपल्या पेढीची सगळी देणी-घेणी असणार, त्याच्या पायात चोरीची वीट कशाला? बार्शीचा यूपीएस तीन हजार शंभर. बेरीज चोपन्न हजार नऊशे साठ. चाळीस रुपये उरले. त्यांचा आम्ही दोघांनी खाली उतरून चहा घेतला.

जोडणी पोटमाळ्यावर झाली, अर्ध्या-पाऊण तासात. विशी-बाविशीचा मुलगा, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवून त्याने तो नुसता ठेवला, दाबला नाही. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाशी असतात. एक वाकली की अकरा हजार सहाशे वाकले. यंत्र चालू झाल्यावर रॅम ३२०० ऐवजी २४०० च्या वेगाने धावत असल्याचे पुतणीनेच दाखवले, आणि मुलाने बायॉसमध्ये जाऊन एक ओळ बदलली. हे न सांगता राहिले असते, तर पैसे एका वेगाचे आणि काम दुसऱ्याचे, असे वर्षानुवर्षे चालले असते.

घरी बंधूंनी आधी बिल मागितले. जीएसटी क्रमांक आकडा-आकडा वाचून पाहिला. मग विचारले, एवढा महाग मॉनिटर कशाला. पुतणीने उत्तर दिले नाही. छायाचित्र उघडून वांगी तुकडा पडद्याशेजारी धरला. बंधू चष्मा सारखा करून बराच वेळ पाहत राहिले. नंतर गादीवर परत जाताना म्हणाले, “पाडव्याच्या मालाचे फोटो हिलाच काढू द्या. आणि पत्रक पाठवायच्या आधी भाव मला नको, तिला विचारा.”

या रस्त्यावर जायचे असेल तर रविवार टाळावा, बहुतेक दुकाने बंद असतात. भागांची यादी घरूनच लिहून न्यावी, तीन ठिकाणी तीच यादी दाखवावी, आणि चौथ्या ठिकाणी जाऊ नये, कारण त्यानंतर भाव लक्षात राहत नाहीत. मॉनिटर रेल्वेत आडवा ठेवू नये. आणि आपला जो व्यवसाय असेल त्याचा एक नमुना खिशात असावा.